सुईकाकूंना दिलेलं उत्तर

सुईकाकू लहान मुलांना कधीच ‘दुखणार नाही’ असं सांगत नसत. रत्नागिरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये त्या रक्त काढायच्या. आया बाहेरून बजावून आणत, “काही नाही हं, मुंगी चावल्यासारखं.” काकू मुलासमोर स्टूल ओढून बसत आणि म्हणत, “दुखणार गो बायो. पण थोडंच. रडायचं तर रड, हात मात्र हलवू नको.” मुलं रडत, पण हात हलवत नसत.

त्यांचं खरं नाव आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. सुईकाकू हे नाव मुलांनीच पाडलेलं. मूळच्या गुहागरच्या, अंगाने बारीक. बोटं सतत धुऊन पांढरी पडलेली. शीर सापडेना झाली की त्या मुलाचा हात स्वतःच्या तळव्यांत धरून ऊब देत बसत. बाहेर रांग कितीही वाढो.

माझी सई सात वर्षांची होती तेव्हा तिचं पोट सारखं दुखायचं. जुलाब व्हायचे, चेहरा फिका पडलेला. मी मोबाइलवर वाचून, कुणालाही न विचारता, तिचा गहू बंद केला. तीन महिन्यांत तिला बरं वाटू लागलं. चेहरा मात्र फिकाच राहिला, म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं; आधीच्या तक्रारी ऐकून त्यांना सिलिअ‍ॅकची शंका आली. गव्हाने आतड्याला इजा होते तो आजार. रक्ताची तपासणी लिहून दिली. गहू मी आधीच बंद केलाय, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. परस्पर उपचार केले म्हणून त्यांनी मागे एकदा मला चांगलंच सुनावलं होतं.

काकूंनी चिठ्ठी वाचली आणि सुई बाजूला ठेवली. “गहू चालू आहे ना? चपाती, पाव, बिस्किटं? बंद असेल तर आज रक्त नको काढूया. आजार असला तरी सापडायचा नाही.”

“चालू आहे,” मी म्हटलं.

तपासणी मुंबईला गेली आणि रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, सगळं खाऊ द्या. मलाही तेच ऐकायचं होतं. सासूबाईंनी हौसेने चपात्या लाटल्या. सई पुन्हा खंगायला लागली. वर्षभर आम्ही लोहाची औषधं देत राहिलो. आदल्या वर्षीचा गणवेश तिला त्याही वर्षी आला, तेव्हा शाळेतल्या बाई म्हणाल्या, “हिला कुठेतरी मोठ्या ठिकाणी दाखवा.”

पुण्यात तीच तपासणी पुन्हा झाली. रिपोर्टमधला आकडा प्रचंड होता. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिल्यावर शंकाच उरली नाही.

“मग पहिला रिपोर्ट नॉर्मल कसा?” नवरा संतापला. “नळीवर दुसऱ्याचं नाव लागलं असणार.” त्याने लॅबच्या मालकांना फोन लावला. मी शेजारी भाजी निवडत होते. निवडतच राहिले. काकूंना रक्त काढायच्या कामावरून काढून पावत्या फाडायला बसवलं. थोड्या दिवसांनी त्या नोकरी सोडून गुहागरला निघून गेल्या.

दोन वर्षं मी गप्प राहिले. सई टवटवीत दिसू लागली, तसतसं मला ते जास्त छळू लागलं. शेवटी नवऱ्याला खरं सांगितलं आणि गेल्या महिन्यात सईला घेऊन गुहागरला गेले. काकू खळ्यात सुपाऱ्या सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले.

“मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ‘चालू आहे’ म्हणालात तशी पोरीने तुमच्याकडे चमकून पाहिलं. तेव्हाच मी परत विचारायला हवं होतं. बाहेर रांग होती, नाही विचारलं. पोरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं.”

क्षमा मागायला मी गेले होते आणि मागत होत्या त्या. मी तिथूनच लॅबच्या मालकांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. काकू समोरच आहेत हेही सांगितलं. ते म्हणाले, “बाईंना द्या जरा.”

काकूंनी पदराला हात पुसून फोन घेतला. स्वतःबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, “लहान पोरांचं रक्त आता कोण काढतं हो तिथे?”