कमलआत्या बेंबळीला आली तवा

कमलआत्या गेल्याची बातमी आम्हाला रेडिओनं दिली! पंचायतीपुढं बसलेली माणसं उठून उभी राहिली, अन् लगेच तिचंच गाणं लागलं... मी रडत होते, पण खरं सांगू? ऊर अभिमानानं लई भरून आला होता. बेंबळीच्या कुणाचं नाव आधी असं रेडिओवर घेतलं होतं?

कमलआत्या म्हंजे माझ्या वडलांची, अप्पांची, एकुलती एक बहीण. सोनारीच्या जत्रंत ती पहिल्यांदा माईकवर गायली अन् अप्पांनी तिला घर बंद केलं. "घरातली बाई चारचौघांत गाती व्हय? पुन्हा उंबरा चढायचा न्हाय!" आत्या मुंबईला गेली. मग काय, रेकॉर्डीवर रेकॉर्डी! मुरुमपासून उस्मानाबादपर्यंत असं हॉटेल न्हाय जिथं तिचा आवाज नव्हता. फक्त आमच्या घरात न्हाय.

मग माझा धाकटा भाऊ झाला. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. अप्पा म्हणाले, "शेजारची कुणी बसवा." आई बाजेवरूनच कडाडली, "सख्खी आत्या असताना उसनी कशापायी? ऱ्हाऊ द्या पोरगं बिननावाचं!" आईनं सांगावा धाडला.

अन् आत्या आली! अंगण भरलं, गल्ली भरली, पोरं झाडांवर चढली. तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, अन् बायकांनी रिवाजापरमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. "अगं, हळू! अजून गायचंय मला," आत्या ओरडली, अन् हशाच हशा. मग तिनं पाळण्याची दोरी धरली, गाणं सुरू केलं... तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी बोंबललं, "आमाला काय बी ऐकू येईना!"

आत्या थांबली. अप्पांकडं बघितलं.

अप्पा उठले, टोपी सारखी केली अन् म्हणाले, "माईकवाल्या हुसेनभाईला बोलवा. कर्णा घेऊन या म्हणावं."

हुसेनभाई अंगणातल्या कडुलिंबावर कर्णा बांधत होते अन् खाली शिडी कुणी धरली होती? अप्पांनी! त्या दिवशी आत्या जी गायली... पार शिवारापर्यंत आवाज गेला.

परवा उस्मानाबादच्या स्टँडवर आम्ही यष्टीत चढणार, तर समोरच्या हॉटेलात तिची रेकॉर्ड लागली. अप्पा जागचे हलेनात. कंडक्टर खेकसला, "पाव्हणं, यायचंय का न्हाय?"

"तुमी व्हा म्होरं," अप्पा म्हणाले. "आमची कमल गातीया."

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून अप्पांकडं बघितलं... अन् इंजिन बंद केलं.