कोरडी राहिलेली गाडी

२१ मार्च. सकाळी रेडिओवर मैदानी भागात सरी आणि गडगडाटी पावसाचा अंदाज सांगितला. शेजारीण नवरा गेल्यापासून वीटभट्टीवर विटा थापते. तिच्या आठवड्याच्या कच्च्या विटा उघड्यावर वाळत होत्या, आणि मजुरी मिळते ती भाजलेल्या विटेचीच. तिने मालकाकडे ताडपत्री मागितली.

"ती गाडीवर घातलीय, नवा रंग आहे," तो म्हणाला. "आणि ढग आहे का कुठे, बाई? रेडिओवाल्यांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!"

दुपारनंतर पाऊस कोसळला. विटांचा पुन्हा चिखल झाला.

संध्याकाळी ती माझ्या नळावर हात धूत म्हणाली, "काकू, गाडी मात्र कोरडी राहिली हो."



दोरीवरचे कपडे मी दुपारीच काढले होते. सगळे कोरडे आहेत.