डोणीवर न नेलेली गाय

आमच्या गाईला गावच्या विहिरीवर जायची मोकळीक होती, आम्हाला नव्हती. पाथर्डीकडच्या त्या गावात आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर होते. प्रभूला मानून दोन पिढ्या झाल्या, तरी गावाच्या लेखी आमची जात तीच. घागर ठेवून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून पाणी ओतलं तर घरी न्यायचं. गाय मात्र ऐटीत जाऊन विहिरीजवळच्या दगडी डोणीत तोंड घालायची. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

लढाईच्या दिवसांतला उन्हाळा होता. मुलगी आठ महिन्यांची होती. तापात माझं दूध आटलं, तेव्हापासून ती याच गाईच्या दुधावर होती. शेळीचं तिला पचत नव्हतं.

चैत्रात गाय खंगायला लागली. वैरण टाकून द्यायची, पण पाणी पीतच राहायची. गोठ्यात मुताचा चिखल व्हायचा, आणि त्याला ना रंग ना वास. डोणीपाशी गेली की तिथून हलायची नाही. डोण भरणारा म्हातारा एकदा हसत म्हणाला, "मास्तरीनबाई, तुमची गाय एकटीच डोन रिकामी करती. बाकीच्या गुरांनी काय करावं?"

आमच्या घागरीत पाणी ओतणारा बहुतेक दिवशी तोच असायचा. उद्या यानं हात आखडला तर? मग मी स्वतःची समजूत घातली: पिते म्हणून मुतते, पाणी तोडलं की आपोआप थांबेल. दुसऱ्या दिवसापासून यांना कारण न सांगता गाय दारात बांधली आणि दिवसाला एकच बादली ठेवली. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

मूत थांबलं नाही. गाय दावं ताणून विहिरीकडे तोंड करून हंबरत राहिली. डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी दूध जेमतेम कपभर निघालं. मुलगी रडून रडून निळी पडत होती. मी प्रार्थना सोडून देवाशी भांडायला लागले. हे पाथर्डीला चालत गेले, गुरांच्या डॉक्टरांना आणायला.

डॉक्टर चौथ्या दिवशी आले. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. मग तिचं तोंड हुंगलं. श्वासाला मुताचा वास येत होता.

"हिची मूत्रपिंडं बऱ्याच दिवसांपासून निकामी होत चालली आहेत," ते म्हणाले. "चांगली असती तर त्यांनी अंगातलं पाणी राखलं असतं. हिच्यानं ते राखवत नाही. जात होतं तेवढं ही पिऊन भरून काढत होती. बरी झाली नसती, पण पावसाळ्यापर्यंत तगली असती." मग त्यांनी विचारलं, "पाणी कुणी तोडलं?"

"गावानं," मी म्हणाले.

यांनी मान खाली घातली. यांना ते लगेच पटलं, न पटायला काय झालं होतं? घरातलं होतं नव्हतं ते पाणी आम्ही तिच्यापुढे ठेवलं. तिनं तोंड बुडवलं, पण तिला गिळवेना. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मुलगी पेजेवर कशीबशी तगली.

गावानं मात्र काहीच केलं नव्हतं. डोण रोज भरलेली होती, म्हातारा ती रोज भरत होता. कुणी नाही म्हणायच्या आधीच मी घाबरून गाय बांधली होती. यांना हे सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही त्या गावात राहिलो. तो म्हातारा दिसला की हे रस्ता बदलायचे. म्हातारा मेला तेव्हा आख्खं गाव मातीला गेलं. हे गेले नाहीत, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.