हजार मिलिअँपियरचा एक अँपियर

एकटं माणूस किस्से साठवतं. घरात ऐकायला कोणी नसतं ना! मग कोणी सापडलं की धरून बसवतं. तर बसा.

हे गेले आणि निखिलने, माझ्या मुलाने, मला सिंगापूरला आणलं. तो विद्यापीठात रिसर्च करतो, वीज मोजतो. सकाळी आठला जातो, संध्याकाळी सातला येतो. तोवर चोआ चू कांग भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि भिंती.

*

आल्या आल्या मी फोनचा चार्जर आणला. दुकानात दोन होते, एकावर ५०० लिहिलेलं, दुसऱ्यावर २. पुढची अक्षरं इंग्रजी. मी चौथी पास! पाचशेवाला घेतला.

दिवसभर लावला तरी फोन भरेना. साताऱ्याला बहिणीशी बोलताना मध्येच बंद!

निखिल हसला. इथे आल्यापासून पहिल्यांदा. "आई, ते पाचशे मिलिअँपियर. हजार झाले की एक अँपियर. तुझा अर्धाच, तो दुसरा दोन!"

हजार ग्रॅमचा किलो, तसंच की! लगेच कळलं. पण म्हटलं, "काही कळलं नाही बाई."

दहा मिनिटं समजावत बसला. दहा मिनिटं!

*

एकदा किटली भिजली, अख्ख्या घराची वीज गेली. चिनी इलेक्ट्रिशियन म्हणाला, "आँटी, थर्टी मिलिअँप ओन्ली, ट्रिप लाह!" म्हणजे तेवढीशी वीज गळली तरी मेन बटण पडतं.

तीस म्हणजे पॉइंट शून्य तीन. मनात केलं, आणि संध्याकाळी निखिललाच विचारलं.

मग रोजच विचारू लागले.

*

निखिल वैतागला. "आई, एकदा लिहून ठेव ना!" स्वतःच कागद लिहून फ्रिजवर चिकटवला.

मी फाडून टाकला. सांगितलं, पंख्याने उडाला.

*

त्याच्या लॅबमधली तन्वी आणि अनिकेत शनिवारी जेवायला येतात. तन्वी म्हणाली, "काकू, मी नॅनोच्या जागी मायक्रो लिहिलं. सर म्हणे, हजारपट चूक!"

"आमटीत हजारपट मीठ घालते, मग सरांना बोलाव!"

*

पुढच्या शनिवारी अनिकेत भरल्या तोंडाने म्हणाला, "पंचवीस मिलि, म्हणजे पॉइंट टू फाइव्ह अँपियर."

"पॉइंट शून्य दोन पाच!" मी पोळी वाढता वाढता ओरडले. "तीन घरं सरकव, गाढवा!"

तन्वीचा घास हातातच राहिला. निखिलने माझ्याकडे नुसतं बघितलं.

रविवारभर तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. म्हटलं, संपलं. आता विचारायचं तरी काय?

सोमवारी आला. बूट काढले, बॅग ठेवली, ओट्याजवळ खुर्ची ओढून बसला.

"आज विचारलं नाहीस?"

"काय?"

"चाळीस मिलिअँपियर म्हणजे किती."

"मला काय ठाऊक!"

"बरं," तो म्हणाला, "पहिल्यापासून सांगतो."