शेवंती आत्या सांगून रडते

कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी गेलं, की मेलेल्यापेक्षा लोक शेवंती आत्याला जास्त घाबरतात. माझ्या सासऱ्यांची ही धाकटी बहीण, आमच्या समोरच्याच दारात राहणारी. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर तिने वीस वर्षं डबे करून घर चालवलं, कोणापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. मयतीला मात्र ती हेल काढून, सांगून रडते. मेलेल्याचं काय काय मनात राहिलं ते सगळं, त्यालाच उद्देशून. नंदकुमारकाका गेले तेव्हा भरल्या घरात तिने सूर लावला, "तुझ्या झिलान तुका पंखो लावूक दिल्यान नाय रे." तो मुलगा महिन्याभरात खोली विकून गेला. लोकांची अब्रू कशाला चव्हाट्यावर मांडता, असं मी तिला एकदा विचारलं. मेलेल्याचं तोंड बंद झालं, मग त्याचं बोलायचं कोणी, असं तिने उलट मलाच विचारलं.

मंगळवारी दुपारी माझे सासरे, दत्तारामबाबा, गेले. छातीत कळ आल्यावर त्यांनी मला तीनदा फोन लावला. माझ्या नवऱ्याचा, सर्वेशचा, मोबाइल कामावर असताना कंपनीच्या गेटवर जमा असतो. मी अंधेरीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. येताना कोथिंबीर आण, एवढं सांगायला ते रोज फोन करायचे, म्हणून तिन्ही वेळा मी कापला. मग ते कसेबसे आत्याच्या दारात गेले आणि तिथेच कोसळले. त्यांच्या मुठीतला फोन आत्यानेच सोडवला, त्यावर तीनदा माझंच नाव होतं. तिला सगळं ठाऊक होतं, सर्वेशला काहीच नव्हतं.

संध्याकाळी आत्या बाबांच्या उशाशी बसली. उठून पळावंसं वाटत होतं, पण सून मयतीतून उठून जाणार कुठे? आत्याने सुरुवात केली. गिरणीचा संप, गावचं अर्धवट राहिलेलं घर, एकेक सांगत ती त्या दुपारपर्यंत आली. सर्वेश समोरच बसला होता.

"दादा रे, छातीत कळ इली, तू फोन घेतलंस..."

इथे ती थांबली. माझं मनगट घट्ट धरून हळूच म्हणाली, "फुडला तूच सांग त्याका."

"बाबा," मी म्हटलं, "तुमचा फोन मला दिसत होता. मी तीनदा कापला."

सर्वेशने मान वर केली. मला हंबरडा फुटला. आत्याने मनगट सोडलं नव्हतं, आणि तो अजून माझ्याकडेच बघत होता.