धाकट्याचा कार्बोरेटर

कारखान्यात त्यांना सगळे सूतभर मिस्त्री म्हणत. कुणी "सूतभर इकडेतिकडे चालेल की" म्हटलं, की मिस्त्री तो भाग उचलून थेट भंगारात टाकत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये अर्धवट उभ्या असलेल्या मोटारीचं इंजिन पुन्हा हातात घेतलं. ते त्यांनी आणि धाकट्या भावाने मिळून बनवायला घेतलं होतं. दोन सिलिंडरचं, ओतकामापासून सगळं घरचं. अकरा वर्षांपूर्वी धाकटा मोटारसायकलवरून जाताना एका वळणावर अपघातात गेला, आणि इंजिनावर गोणपाट पडलं ते पडलंच.

दोघा भावांच्या मोटारसायकली एकाच जातीच्या. एक कार्बोरेटर दादाचा, एक माझा, असा बेत धाकट्यानेच केला होता. "आपण या इंजिनाच्या दोन नाकपुड्या," म्हणायचा.

मिस्त्रींनी हवा आत नेणारे दोन नळ कातले, रबरी जोड बसवले, आपल्या गाडीचा कार्बोरेटर चढवला. दुसऱ्यासाठी शेडच्या कोपऱ्यातली ताडपत्री उचलावी लागणार होती. चार दिवस ते स्क्रू-पाने घासत बसले, फळ्या झाडत बसले. पाचव्या दिवशी सकाळी उचलली.

धाकट्याच्या गाडीची टाकी चेपलेली, हँडल मुरगळलेलं, कार्बोरेटर मात्र शाबूत. झाकण काढून ओढलं, तर आतली नळकांडी हलेना. ग्रिप पिळली की ती वर जाते आणि वेग वाढतो, सोडली की स्प्रिंग तिला खाली दाबते. ती वरच अडकली होती, पाऊणएक उघडी. रॉकेल सोडून, हलवत हलवत काढली. नळकांडी आणि भिंत यांच्यामध्ये केबलची एक तुटकी तार पाचरीसारखी रुतलेली.

केबलच्या टोकाला दिलेला कथलाचा डाग त्यांनी ओळखला. त्यांच्याच हातचा होता.

अपघाताच्या आदल्या दिवशी धाकटा आला होता. "दादा, केबलच्या तारा सुटल्यात. नवीन टाकू का?"

मिस्त्री इंजिनाच्या क्रँकमध्ये गुंतलेले. मानही वर केली नाही. "आण इकडे, डाग देतो. आठवडाभर चालेल."

पंचनाम्यात 'भरधाव वेग' लिहिलं होतं. भेटायला आलेल्यांना मिस्त्रीही तेच सांगत होते, "वेगाचं वेड होतं हो त्याला."

त्यांनी तो कार्बोरेटर धुतला, नवी केबल जोडली आणि चढवला. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. दोन्हींची हवेची ओढ सारखी करायला रबरी नळी कानाला लावून ते ऐकू लागले. स्वतःच्या कार्बोरेटरचा फुसकारा सरळ होता. धाकट्याचा मधेच अडायचा, काहीतरी बोलायचं राहून गेलेल्या माणसासारखा. आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच उतरत नव्हतं. दोन क्षण तसंच धावायचं, मग उतरायचं. मिस्त्रींनी रबरी जोड बदलले, गळती शोधली, स्प्रिंग बदलली. नळकांडी लोण्यासारखी सरकत होती. तरीही ते दोन क्षण काही गेले नाहीत. तेवढ्यात मिस्त्रींचा उजवा पाय ब्रेक दाबावा तशी आपोआप जमीन दाबायचा. आता शेडमध्ये शिरताना ते खाकरू लागले, आत कुणी बसलेलं असल्यासारखे.

वरच्या मजल्यावर भावजय राहायची. एका दुपारी ती जिन्यातूनच म्हणाली, "दादा, बंद करा ना ते. ऐकवत नाही."

मिस्त्रींनी बंद केलं. जिन्याशी जाऊन ती तार तिच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

"एवढीशी?" ती म्हणाली. "त्या दिवशी निघताना म्हणाले होते, ग्रिप जड जातेय. मी म्हटलं, दादांना दाखवा. तर म्हणाले, कालच दादाने केलंय, त्यात काय बघायचं."

मिस्त्रींनी तार परत घेऊन रुमालात गुंडाळली.

"लेकीला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "बापाने आपला विचार केला नाही, हेच मनात धरून ती मोठी झालीय."

पुतणी दुसऱ्या गावी नोकरीला होती. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बाबा थांबायला बघत होते?"

"ब्रेकचं पेडल वाकलंय. पायाने वाकलं की पडताना, ते मला सांगता येणार नाही. पण बाळा, तो वेग त्याचा नव्हता."

"अकरा वर्षं तुम्हीच तसं सांगत होतात, काका."

"हो."

फोन बंद झाला.

दोन महिन्यांनी ती आली. आईशी बोलली, रडली, मग एकटीच शेडमध्ये काकांकडे उतरली. "चालू करा." तिने स्वतः ॲक्सिलरेटरचं पेडल दाबलं, सोडलं. ते दोन क्षण तिनेही ऐकले.

"हे दुरुस्त होत नाही?"

"अजून तरी नाही."

"मग गाडी रस्त्यावर काढू नका," एवढंच बोलून ती वर गेली.

मिस्त्रींनी काढली नाही. सकाळी थोडा वेळ इंजिन चालू करतात. भावजय तेवढ्यापुरती वरची खिडकी लावून घेते.