दिलीपची पन्नासची लेन्स

फोटोग्राफर एकत्र बसले की फोटो कमी आणि किस्से जास्त निघतात. बारामतीच्या एसटी डेपोजवळ आमचा चहाचा कट्टा आहे. तिथले निम्मे किस्से एकट्या दिलीपचे. माणूस गुणी, पण हौस दांडगी.

*

दिलीपला लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या. त्यासाठी मागचं सगळं ब्लर करणारी, मोठ्या अ‍ॅपर्चरची, पण स्वस्त लेन्स हवी होती. मी सांगितलं, बाबा, तुझा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, त्यावर पन्नास एमएमची लेन्स सगळं फार जवळ ओढून दाखवते. पस्तीसची घे. पस्तीसची महाग निघाली. त्याने पन्नासची घेतली आणि वर मलाच म्हणाला, "जवळचं दिसतंय ते बरंच की. झूमचा खर्च वाचला."

*

पहिला फोटो बायकोचा. दोन खोल्यांच्या घरात ती फ्रेममध्ये मावेना. हा मागे सरकत सरकत उंबरा ओलांडून थेट शेजाऱ्यांच्या ओट्यावर पोचला. वहिनी आतून म्हणाल्या, "लगीन ठरल्यावर जवळ यायला निमित्त हुडकायचा. आता लांब चाललाय व्हय?"

*

मग सुप्याच्या एका आबांनी खिल्लार बैल विकायला काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला फोटो दिलीपने काढला. नाकावरचा केस न् केस दिसत होता. वशिंड, पाठ, शेपूट सगळं ब्लर! दिलीप म्हणाला, याला आर्ट म्हणतात. आबांनी फोटो निरखून पाहिला.

"नाक बघून पोरगी पसंत करत्यात दिलीपराव, बैल न्हाय."

मी बजावलं, लग्नात तरी अ‍ॅपर्चर कमी कर. त्याला ते पटलं नाही. मग लेन्स घेतली कशाला, म्हणे.

*

अखेर इंदापूरच्या एका तात्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न मिळालं. पहिलीच ऑर्डर, ती बिघडली तर तालुक्यात दुसरी कोण देतंय? मंगलाष्टकांना रिवाजाप्रमाणे नवरीच्या मागे मामा उभा राहिला. दिलीपने अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं.

अल्बम द्यायला तो मला सोबत घेऊन गेला. मामा तिथेच बसलेला. त्याने अल्बम पुढून चाळला, मग मागून चाळला.

"ह्यात मी कुठं हाय?"

दिलीपने नवरीमागच्या केशरी डागावर बोट ठेवलं. तो मामाचा फेटा होता. मामा चहा न घेताच उठून गेला. दिलीपचा चेहरा पार उतरला, आणि मलाही त्याच्यासाठी वाईट वाटलं.

तात्या दारात उभे राहून मामाची गाडी हायवेला लागेपर्यंत बघत राहिले. मग आत आले आणि दिलीपच्या पाठीवर हात ठेवला.

"धाकटीचं लगीन दिवाळीनंतर हाय. हीच लेन्स आणा. मामा त्योच हाय."